‘हायड्रेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
तंत्रनिकेतनात वेब डेव्हलपमेंट शिकवते. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीमधलं ‘हायड्रेशन’ समजावताना दरवेळी अडते. सर्व्हरवरून तयार एचटीएमएल येतं, पान दिसतं. मागून जावास्क्रिप्ट उतरते आणि त्याच एचटीएमएलला बटणांचे क्लिक वगैरे जोडत जाते. त्या जोडण्याला हा शब्द. डिहायड्रेशनचं निर्जलीकरण होतं म्हणून ‘सजलीकरण’ सांगून पाहिलं, तर मुलांना सलाईनच आठवलं. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद:
मॅडम, मला प्राणप्रतिष्ठा आठवते. गणपतीची मूर्ती आदल्या दिवशीच घरी येते. डोळे, सोंड, रंग, सगळं पूर्ण. तरी प्रतिष्ठापना होईपर्यंत पूजा नाही. हायड्रेशनआधीचं पान नेमकं तसंच असतं. स्वस्त फोनवर, रेंज कमी असताना बघा: ‘कार्टमध्ये टाका’ ठळक दिसतं, माणूस तीनतीनदा दाबतो आणि काहीच होत नाही.

प्रतिसाद:
उपमा चपखल आहे, वर्गात जरूर सांगा. पण कामात क्रियापद लागतं. ‘पेज अजून हायड्रेट नाही झालं’ हे आमच्याकडे दिवसातून दहादा बोललं जातं. मी ‘जागवणे’ म्हणेन. अ‍ॅस्ट्रो या वेब फ्रेमवर्कमधली ‘बेटं’, म्हणजे पानातले जावास्क्रिप्टवर चालणारे सुटे भाग, घ्या. बाकी पान साधं एचटीएमएलच राहतं, शोधाची चौकट तेवढी जागवायची. पानात खाली असेल तर वाचक तिथवर पोचल्यावर जागवली तरी चालते. २०२२ च्या रिअ‍ॅक्ट १८ मध्येही ‘सस्पेन्स’ या त्याच्याच सोयीने वेगळे केलेले भाग एकेक करून जागतात, आणि ज्यावर तुम्ही क्लिक करता त्याचा नंबर आधी लागतो.

‘हायड्रेशन मिसमॅच’ तर परवाच भोगलंय. आमचा सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. रात्री १२ ते पहाटे ५:३० सर्व्हर कालची तारीख छापून पाठवायचा, ब्राउझर आजची काढायचा आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये त्रुटींच्या लाल ओळी. सकाळी तपासावं तर सगळं ठीक! दोन दिवस गेले त्यात. ‘जागवताना मेळ बसला नाही’ असं म्हटलं तर नव्या मुलालाही कळेल की दोन्हीकडचं लिहिलेलं ताडून बघायचंय.

प्रतिसाद:
‘जागवणे’ला एक अडचण आहे. ब्राउझर न वापरलेले टॅबही झोपवतो आणि उघडले की जागवतो. दोन्हीला एकच शब्द झाला तर घोळ होईल. शिवाय झोपलेला आधी जागा होता. इथे पानात जीव पहिल्यांदाच येतो. म्हणून ‘जिवंत होणे’ बरं. विजेच्या तारेला आपण जिवंत तार म्हणतोच की. दिसायला दोन्ही तारा सारख्याच, फरक हात लावल्यावर कळतो.

प्रश्नकर्ती:
जिवंत तार पटली, आणि प्राणप्रतिष्ठेशी नातंही राहिलं. फळ्यावर ‘हायड्रेशन’च लिहीन, कारण नेटवर शोधताना मुलांना तोच शब्द लागणार. बोलताना मात्र ‘पान जिवंत झालं’. आता क्विक या फ्रेमवर्कचं काय करू? ते हे पाऊलच टाळतं; सर्व्हरने काम जिथे सोडलं तिथूनच ब्राउझर ते उचलतो. त्याला मासिकातल्या कादंबरीसारखं ‘पुढे चालू’ म्हणावं का?