बारावीच्या आधीची सुट्टी: प्रवेशाची तयारी आत्ताच करायची की पोरांना मोकळं सोडायचं?

विश्रामबागची आई

माझी मुलगी अकरावी सायन्सची परीक्षा देऊन परवाच मोकळी झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची जी काही तयारी असते ती याच उन्हाळ्यात सुरू करू, असं मी घरात म्हटलं. यजमान आणि सासूबाई दोघांचंही एकच, अजून अख्खं वर्ष आहे, आत्तापासून कशाला जीव काढतेस? सांगली-साताऱ्याकडच्या पालकांना काय वाटतं ते वाचायचंय. माझं मत आधीच सांगते, सुरू करावी.

गेल्या वर्षी भाच्याच्या वेळी बहिणीची झालेली फरफट मी डोळ्यांनी पाहिलीय. ओबीसीतून अर्ज होता. जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, जातीची नोंद असलेला पुरावा मागतात. म्हणजे आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जनरल रजिस्टरचा उतारा. त्याचे आजोबा शिकले जत तालुक्यातल्या एका वाडीवर. आम्ही मे महिन्यात गेलो तर शाळेला कुलूप, गुरुजी सुट्टीला गावी. जूनमध्ये शाळा उघडल्यावर रजिस्टर निघालं. कडेनं वाळवी लागलेली, आजोबांची ओळ मात्र शाबूत. निळी शाई, वळणदार अक्षर, नावापुढे जात आणि जन्मतारीख. बहीण तिथेच बाकावर बसून रडली.

पडताळणीच्या अर्जाची पावती जोडून प्रवेशाचा अर्ज भरला, पुढे पडताळणीचं प्रमाणपत्रही मिळालं. पण ज्या दिवसांत पोराशी बसून कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच हे बोलायचं ते सगळे दिवस कचेरीत गेले. पसंतीक्रम एका रात्रीत भरला. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या खाली काय टाकायचं यावर दहा मिनिटंसुद्धा बोलणं झालं नाही.

तासगावचा मास्तर

ताई, जे घडलं ते वाईटच. पण त्यावरून तुम्ही जे ठरवताय ते मला पटत नाही. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. बारावी सुरू झाली की अकरावीकडे वळून बघायला कुणाला सवड मिळत नाही. लॉज ऑफ मोशन कच्चं राहिलं असेल तर ते पक्कं करायला हे दीड-दोन महिनेच आहेत.

दुसरं, एप्रिल-मे महिन्यात पोरांपुढे कटऑफच्या याद्या ठेवल्या की काय होतं ते मी दर वर्षी बघतो. पोरगं पुस्तक मिटून "सर, मला इतके पर्सेंटाईल पडतील का" एवढंच विचारत बसतं. गेल्या वर्षी एका हुशार मुलीनं वहीच्या शेवटच्या पानावर चार कॉलेजांचे आकडे लिहून ठेवले होते. चाचणीत मार्क कमी पडले की ती ते पान उघडून बसायची. शेवटी मी तिला ते पान फाडायला लावलं.

कराडची पौर्णिमा

मी ताईंच्या बाजूनं. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर पौर्णिमा, आधारवर पोर्णिमा. एका मात्रेचा फरक, पण त्यासाठी ऐन प्रवेशाच्या गर्दीत मला आधार केंद्रावर तीन खेपा घालाव्या लागल्या. आज घरात बसून दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवा. आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, अक्षर न् अक्षर ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यानं कुणाचाही अभ्यास बुडत नाही.

माची पेठ, सातारा

मी स्पष्ट विरोधात आहे. कागदाला विरोध नाही, या घाईला आहे. उन्हाळा लागला की हॉल घेऊन "प्रवेश मार्गदर्शन" सुरू होतं. आईबापांना दोन तास घाबरवायचं आणि शेवटी पॅकेजची पावती फाडायची. कॅपची, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांची, माहिती पुस्तिका सरकार फुकट देतं, मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर फुकट मिळतात. पैसे कशाचे देता?

माझं कॉलेज छत्रपती शिवाजी कॉलेजात झालं, कर्मवीर अण्णांच्या कमवा आणि शिका योजनेत. सकाळी बागेत काम, मग तास. पुढे काय करायचं हे मला कुठल्या यादीनं सांगितलं नाही, त्या कामानं सांगितलं. माझा मुलगा आता अकरावी झालाय. या सुट्टीत तो ओळखीच्या गॅरेजवर जातो. परवा त्यानं एका ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उतरवताना पाहिला आणि रात्री जेवताना ताटलीत शेंगदाणे मांडून मला गिअरचे दात कसे बसतात ते समजावत होता. मेकॅनिकल की कॉम्प्युटर हे त्याला तिथेच कळेल. माझ्या मते प्रवेशाची खरी तयारी ही आहे.

विश्रामबागची आई

दादा, गिअरबॉक्सचं वाचून फार बरं वाटलं. पॅकेज मीही घेणार नाही. आणि सर, मुलीच्या हातात यादी द्यायची असं मी कुठं म्हटलं? कागद मी गोळा करीन, अभ्यास ती करील. पण घरात कुणीच काही करायचं नाही हे मला मान्य नाही.

मिरज स्टेशन रोड

सेतू केंद्राच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून एक गोष्ट सांगतो. सगळेच कागद आत्ता काढून उपयोग नाही. नॉन क्रिमिलेअर, म्हणजे ओबीसींना लागणारा उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, ३१ मार्चपर्यंत चालतो आणि प्रवेशाला पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेला लागतो. तुमच्या मुलीचा प्रवेश पुढच्या वर्षी. आज एक वर्षाचा काढलात तर तो ऐन वेळी संपलेला असेल. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राचंही तसंच, ते त्या त्या आर्थिक वर्षाचं लागतं. हे दोन्ही पुढच्या एप्रिलमध्ये काढा.

आत्ता करायचं ते अधिवास दाखल्याचं, आणि पडताळणीसाठी जुने पुरावे आणि वंशावळ जुळवण्याचं. पडताळणीचा अर्ज बारावीत कॉलेजमार्फत जाईलच, तेव्हा पुरावा हाताशी असला म्हणजे झालं. कटऑफची यादी वाचायलाही पालकांनी शिकून घ्यावं. प्रवर्गाच्या नावाआधी इंग्रजी जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींची. शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, म्हणजे आपल्याकडे शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतली मुलं. हे न कळल्यानं लोक भलत्याच रकान्यातला आकडा बघून पोरांची उमेद घालवतात. आणि पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचंच कॉलेज लागलं तर ते घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून एक नंबरला काय टाकायचं ते घाईत ठरवू नका.

सांगलवाडी

मास्तरांना माझा एकच प्रश्न. प्रवेशाच्या फेऱ्या कधी असतात? जुलै-ऑगस्टमध्ये. आणि कृष्णेला पूर कधी येतो? २०१९ चा ऑगस्टमध्ये आला, २०२१ चा जुलैमध्ये. २०१९ ला आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. कागदांची पेटी माळ्यावर ठेवलेली, तरी भिजली. पाणी उतरल्यावर आईनं माझी मार्कशीट वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत ठेवून कोमट इस्त्रीनं वाळवली. बोर्डाचा शिक्का पसरलेला आजही दिसतो. त्या दिवसांत वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, आयर्विन पुलावरून जाता येत नाही. नदीकाठच्या माणसानं मिळतील ते कागद पावसाच्या आत काढावेत, स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवावेत आणि एक संच उंचावरच्या नातेवाइकांकडे द्यावा. आम्हाला ही घाई वाटत नाही.

तासगावचा मास्तर

पुराचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कबूल. कागद पावसाच्या आत, यावर माझं काही म्हणणं नाही. आकड्यांवर मात्र मी ठाम आहे. ताई, यादी तुम्ही हवी तेवढी वाचा. मुलीसमोर किमान दिवाळीपर्यंत कुठल्याही कॉलेजचा कटऑफ काढू नका. जेवताना तर नाहीच.

विश्रामबागची आई

सर, दिवाळीपर्यंत नाही काढणार, शब्द दिला.

सोमवारी आटपाडीला जातेय. आमचे सासरे तिथल्या शाळेत शिकले, ते आता नाहीत. शाळेत फोन लावला तर गुरुजी म्हणाले, १ मेपर्यंत आहे, रजिस्टर काढून ठेवतो, फक्त साल सांगा. साल कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "कोयनेचा भूकंप झाला त्याच्या दोन वर्षं आधी सातवी पास झालो, असं सांगायचे." भूकंप १९६७ चा. म्हणजे पहिलीत गेले असतील ते १९५८ च्या सुमाराला. गुरुजींना तसं कळवलंय. सासूबाईही बरोबर येतो म्हणतायत.