अनुभव धागा: यंदा टीममधे नवीन कोण आलं आणि तुम्ही त्याला पहिल्यांदा कुठे बघितलं? (जायंट्स, पण बाकीच्यांनीही लिहा)

सनीवेलकर

मंडळी, गुरुवारी २८ मार्च २०२४ ला सॅन दिएगोत पाड्रेसविरुद्ध आपल्या बेसबॉल टीमची, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची, सीझनची पहिली मॅच. मी बरीच वर्षं ही टीम बघतोय पण एका हिवाळ्यात एवढी माणसं बदललेली मला तरी आठवत नाहीत. २०२३ ला ७९ जिंकल्या ८३ हरल्या, सीझनचे तीन सामने शिल्लक असतानाच मॅनेजर (म्हणजे कोच) गेब कॅपलरला काढला, त्याच्या जागी बॉब मेल्विन आला तोही थेट पाड्रेसकडून, मग डिसेंबरपासून एकेक करत ली जंग-हू, टॉम मर्फी, रॉबी रे, जॉर्डन हिक्स, होर्हे सोलेर, मॅट चॅपमन आणि आता अगदी शेवटी ब्लेक स्नेल. आणि इतकी वर्षं आपला शॉर्टस्टॉप असलेला ब्रँडन क्रॉफर्ड गेला. कार्डिनल्सकडे. ते अजून पचलेलं नाहीये.

कोणाला किती डॉलर मिळाले ते सगळीकडे वाचायला मिळतं. मला ऐकायचंय ते हे की तुम्ही तुमच्या टीमच्या नव्या माणसाला पहिल्यांदा बघितलंत कधी, कुठे, आणि बघून काय वाटलं. मनापासून लिहा, कितीही मोठं लिहा.

माझं सांगतो. आम्ही मार्चमधे स्कॉट्सडेलला स्प्रिंग ट्रेनिंग बघायला गेलो होतो. ज्यांनी हे बघितलं नाहीये त्यांच्यासाठी सांगतो, फिनिक्सच्या आसपास पंधरा टीमा दीड महिना मुक्कामाला असतात, स्टेडियम छोटी, आउटफिल्डच्या मागे गवतावर चादर टाकून बसायचं, आणि लवकर गेलं तर खेळाडू अक्षरशः हाताच्या अंतरावर. मी गेलो होतो ली जंग-हूला बघायला पण नजर खिळली सोलेरवर. बॅटिंग प्रॅक्टिस चालू होती, आपल्याकडचे बाकीचे मारायचे तेव्हा बॉल कुठे जातोय ते बघत होतो, सोलेर मारायला लागला तेव्हा नुसत्या आवाजावरून लोक मान वर करत होते, माझ्या शेजारचे एक आजोबा वही खाली ठेवून उभेच राहिले.

का एवढं? तर २००४ ला आपल्या बॅरी बाँड्सने ४५ होमरन (बॉल थेट भिंतीपलीकडे) मारले, त्यानंतर २०२३ पर्यंत जायंट्सच्या एकाही माणसाने एका सीझनला ३० मारले नव्हते. वीस वर्षं होत आली. मधे तीन वर्ल्ड सिरीज (लीगची फायनल) जिंकल्या तरी हा आकडा नाही. आपलं पार्कच तसं आहे, संध्याकाळी खाडीवरून गार हवा येते आणि चांगला मारलेला बॉल भिंतीच्या अलीकडे वॉर्निंग ट्रॅकवर येऊन पडतो. सोलेरने मायामीकडून गेल्या वर्षी ३६ मारले, २०१९ ला कॅन्सस सिटीकडून ४८, २०२१ ला ब्रेव्ह्जकडून वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). फिल्डिंग त्याची बेताची, ते मान्य, पण डीएचला (फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग) खेळवायचा आणि मारू द्यायचं. मला वाटतं हाच तो माणूस. मोठी नावं हुकतच गेली, जज आला नाही, कार्लोस कोरेयाचं ठरून मोडलं, ओतानी नाही, यामामोतो नाही, आता जो आलाय त्याच्यावर मी सगळा जीव लावणारे.

सुवोनचा सदा

दादा, लीबद्दल मी लिहितो कारण तुम्हाला जो नवीन आहे तो आमच्याकडचा जुना आहे :) मी कोरियात नोकरीला, ऑफिसमधला एक मित्र लीच्या टीमचा, किवूम हीरोज्‌चा कट्टर, त्याने मला त्यांच्या स्टेडियमला, गोचोक डोमला न्यायला सुरुवात केली. बेसबॉलचं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. तिथे प्रत्येक बॅट्समनचं स्वतःचं गाणं असतं, सगळं स्टँड उभं राहून म्हणतं, हातात तळलेलं चिकन आणि बियर, आणि लीचं गाणं लागलं की आवाज दुप्पट. मला नियम कळायच्या आधी ते गाणं पाठ झालं होतं.

मग हळूहळू कळलं की हा वेगळा का आहे. २०२२ ला तो कोरियन लीगचा एमव्हीपी, .३४९ ॲव्हरेज, २३ होमरन, आणि अख्ख्या सीझनमधे फक्त ३२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमधे आउट). परत वाचा, ३२. अमेरिकेत काही जण तेवढे एका महिन्यात होतात. करिअरचं ॲव्हरेज .३४०. वडील ली जोंग-बम म्हणजे इथले दंतकथा झालेले खेळाडू, त्यांना वाऱ्याचा मुलगा म्हणायचे म्हणून हा वाऱ्याचा नातू. जन्म नागोयाचा, कारण वडील तेव्हा तिथे चुनिची ड्रॅगन्सकडून खेळत होते. शर्टवर ५१ नंबर जपानी दिग्गज इचिरोमुळे.

गेल्या वर्षी जुलैमधे घोट्याला लागलं, ऑपरेशन झालं, आम्ही धरून चाललो होतो की आता त्याला न बघताच निरोप द्यायचा. पण १० ऑक्टोबरला सॅमसंग लायन्सविरुद्ध घरच्या मैदानावर एकदाच बॅटिंगला आला. मी होतो तिथे. जमिनीवरून बॉल मारून आउट झाला. त्याने काही फरक पडला नाही, लोक रडत होते, माझा मित्र रडत होता आणि खरं सांगतो माझंही काही वेगळं नव्हतं. नंतर टीव्हीवर दाखवलं की तुमच्या जायंट्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर पीट पुटिला स्टँडमधे उभे राहून टाळ्या वाजवतायत. तेव्हाच मित्र म्हणाला, हे नेणार याला.

त्यामुळे प्लीज त्याला सांभाळा. सुरुवातीला फास्टबॉलला थोडा उशीर होईल, इथे एवढा वेग रोज बघायला मिळत नाही. एप्रिलमधे ॲव्हरेज पडलं तर लगेच नावं ठेवू नका एवढी विनंती. आणि पहिलीच सिरीज पाड्रेसशी म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा गो वू-सुक ज्या टीमने घेतलाय तीच, त्या घरात काय वातावरण असेल!

कॅक्टस_अंजली

सदा, काळजी करू नकोस, मी त्याला मारताना बघितलंय. आम्ही चँडलरला राहतो. डायमंडबॅक्सच्या सॉल्ट रिव्हर फील्ड्सला फेब्रुवारीच्या शेवटी जायंट्स आले होते, त्या मॅचमधे त्याने होमरन मारला. उंच उडालेला नाही, सरळ ताणलेला, मला वाटलं भिंतीला लागेल आणि तो गेला की पलीकडे. आमच्या मागे बरीच कोरियन कुटुंबं होती, त्यातल्या एका काकूंनी माझा हात धरून हलवला, ओळख ना पाळख. मी डीबॅक्सची फॅन आहे पण त्या दिवशी वाईट वाटलंच नाही.

मधुरा_मिलपिटास

मला हिक्सबद्दल लिहायचंय. बेसबॉल माझ्या नवऱ्याचं आणि मुलाचं, मी आपली सोबत बसणारी. माझ्या मुलाला टाइप वन डायबेटिस आहे. शाळेत असतानाच कळलं. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना माहितीये, दंडावर सेन्सर, फोनवर आकडे, रात्री अलार्म, आणि खेळायच्या आधी शुगर किती, खेळताना किती, मधे ज्यूस द्यायचा का, हे सगळं कोणीतरी सतत बघत असतं. तो लिटल लीग खेळतो. एका हंगामात त्याने मला विचारलं होतं की मोठे प्लेअर्स पण असे असतात का, आणि मी त्याला नीट उत्तर देऊ शकले नव्हते कारण मला नावं माहीतच नव्हती.

जानेवारीत नवरा म्हणाला जॉर्डन हिक्सला घेतला, चार वर्षं, ४.४ कोटी डॉलर. मुलाने कुठेतरी वाचलं की हिक्सला टाइप वन आहे, २०२० चा सीझन कोविडमधे त्याने त्याच कारणाने सोडला होता. मग घरात दुसरा विषय नाही! तो ताशी शंभर मैलांच्या वर टाकतो आई, १०५ टाकलाय त्याने कार्डिनल्सकडे असताना, आणि इतकी वर्षं तो शेवटी येऊन एक इनिंग टाकायचा पण आता आपण त्याला स्टार्टर (पहिल्या इनिंगपासून टाकणारा पिचर) करणार.

नवरा म्हणतो स्टार्टर करणं धोक्याचं आहे, एक इनिंग जीव खाऊन टाकणं वेगळं आणि पाच-सहा इनिंग टिकणं वेगळं, सीझन लांबेल तसा वेग उतरेल. असेल बाबा. मला त्यातलं फार कळत नाही. पण पाच इनिंग म्हणजे दीड-दोन तास, त्यात आपल्या डगआउटमधे बसणं, परत उठणं, शरीर तापलेलं, हे सगळं शुगर सांभाळून करायचं म्हणजे काय असतं ते मला बाकीच्या फॅन लोकांपेक्षा जास्त कळतं. माझ्यासाठी या टीममधला सगळ्यात मोठा खेळाडू तोच.

कॅचरबाई

मधुराताई, वाचून गलबलून आलं. मुलाला खूप शुभेच्छा.

मी शाळेत सॉफ्टबॉल खेळलेय, जिल्हा पातळीपर्यंत, कॅचर होते (आयडीवरून कळलं असेलच). त्यामुळे मी मॅच बघताना बॅटिंगपेक्षा फिल्डिंग बघते. आणि गेल्या वर्षी जायंट्सची फिल्डिंग बघवत नव्हती, एरर करण्यात आपण पार वरच्या नंबरात. म्हणून चॅपमन आला तेव्हा मी घरात ओरडले. त्याला मी ओकलंडच्या कोलिसियम स्टेडियममधे बघायचे, तिथल्या ए'ज्‌ टीमकडे असताना, तेव्हा मॅनेजर मेल्विनच होता. २०२३ पर्यंत चार गोल्ड ग्लोव्ह (सर्वोत्तम फिल्डरचं बक्षीस) मिळालेत त्याला. थर्ड बेसला लाइनवरून बॅकहँड उचलायचा, अंगाचा तोल फाउल टेरिटरीत जातोय, आणि तिथून पहिल्या बेसला सरळ रेषेत थ्रो. तोफेसारखा हात आहे. हा एकटा आला की शेजारच्या शॉर्टस्टॉपचं अर्धं काम हलकं होतं, आणि आपल्या लोगन वेबसारख्या पिचरला तर अजूनच, त्याच्या बॉलवर बॅट्समन बहुतेक जमिनीवरूनच मारतात.

पण त्यासाठी जे.डी. डेव्हिसचं जे झालं ते मला अजिबात आवडलेलं नाही. तो आपला आधीचा थर्ड बेसमन, त्याने आर्बिट्रेशनची (पगार ठरवायच्या सुनावणीची) केस लढून जिंकली, ६९ लाख डॉलर, आणि चॅपमन आल्यावर त्याला सोडून दिलं, नियमानुसार साधारण ११ लाख देऊन मोकळे. सुनावणीपर्यंत गेलेला पगार पूर्ण गॅरंटीड नसतो म्हणे. नियमात बसतं, मान्य. तरी जो माणूस २०२३ च्या सुरुवातीला टीम खांद्यावर घेऊन खेळला त्याच्याशी असं वागायचं नव्हतं. तो आता ए'ज्‌कडे गेलाय, मी त्याला बघायला एकदा तरी खाडीपलीकडे जाणार.

अर्व्हाइनचा निखिल

धाग्याच्या विषयात बसतं का माहीत नाही, मी एंजल्सचा. आमच्याकडे नवीन कोण आलं यापेक्षा कोण गेलं हेच सगळ्यांना माहितीये. ओतानी. दहा वर्षं, ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी २०३४ पासून मिळणार, आणि गेला कुठे तर तासाभराच्या अंतरावर डॉजर्सकडे. सहा सीझन त्याला बघितला, एकाच दिवशी पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करताना बघितला, आणि त्या सहा वर्षांत आमची टीम एकदाही प्लेऑफला गेली नाही. माझी मुलगी त्याचा सतरा नंबरचा लाल शर्ट घालून वाढली. तिला डॉजर्सचा निळा घ्यायचा का विचारलं तर नाही म्हणाली.

तर आमचा नवा माणूस खेळाडू नाहीये, मॅनेजर आहे, रॉन वॉशिंग्टन. सत्तरी ओलांडलेला. टेंपीला आमच्या स्प्रिंग कॅंपला सकाळी गेलो होतो, हा म्हातारा इनफिल्डच्या पोरांना समोर बसवून अगदी जवळून बॉल टाकतोय, एक झाला की दुसरा, छोटे ग्लोव्ह, हात मऊ ठेव, परत, परत. आमचा शॉर्टस्टॉप झॅक नेटो घामाने निथळत होता आणि हसत होता. मी एंजल्सच्या कॅंपमधे इतकं मन लावून चाललेलं काम बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. बाकी घेतलेत ते बहुतेक रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारे पिचर). यंदा फार जिंकू असं मी म्हणत नाही, पण मी तिकिटं काढलीयेत.

एडिसन_एक्स्प्रेस

यांकीज! हुआन सोटो! अजून काय लिहू. पंचवीस वर्षांचा पोरगा, गेल्या वर्षी ३५ होमरन आणि १३२ वॉक (चार खराब बॉलवर फुकटचा बेस), आमच्या स्टेडियमची उजवीकडची भिंत ३१४ फुटांवर आणि हा लेफ्टी, फटका तिकडेच जाणार. त्याच्या पुढे-मागे जज. बदल्यात पिचर मायकल किंग दिला त्याचं दुःख आहे, आणि आमचा मुख्य पिचर गेरिट कोलचं कोपर दुखावलंय म्हणून पिचिंगची धास्ती आहे. पण सोटो बॉल सोडल्यावर पिचरकडे बघत जमिनीवर पाय घासतो ना, ते बघायला टीव्हीसमोर आमच्या घरातले दोघे आजी-आजोबासुद्धा येऊन बसतात. करार एकाच वर्षाचा आहे म्हणून प्रत्येक मॅच बघणार, पुढच्या वर्षी असेल नसेल.

फुलटॉस

पुण्यातून लिहितोय, बे एरियात होतो तेव्हापासून जायंट्स. इथून मॅच म्हणजे मध्यरात्र नाहीतर पहाट, त्यामुळे माझं बघणं कमी आणि सकाळी चहाबरोबर बॉक्स स्कोअर (मॅचचे आकडे) वाचणं जास्त. स्नेलबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. दोन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस), २०१८ ला रेज्‌कडे आणि आत्ता २०२३ ला पाड्रेसकडे, २.२५ ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या रन), २३४ स्ट्राइकआउट. पण ९९ वॉक! लीगमधे सगळ्यात जास्त. बेसेस भरून ठेवतो आणि मग तिघांना आउट करतो, बघणाऱ्याच्या पोटात गोळा. आणि मार्चच्या मध्यापर्यंत करारच नाही म्हणजे बाकीचे पिचर महिनाभर सराव मॅचमधे टाकून तयार झालेत आणि हा एकटा सराव करून येणार. मला त्याची भीती वाटते, घाईने उतरवला तर सुरुवात वाईट जाईल आणि दुखापतही होईल. मेल्विन त्याला पाड्रेसपासून ओळखतो हीच काय ती आशा. रॉबी रेही कोपराच्या ऑपरेशनमधून उन्हाळ्यात परत येईल. तोपर्यंत वेब आणि पोरं. वेबने गेल्या वर्षी २१६ इनिंग टाकल्या, त्याच्यावर अजून किती ओझं टाकणार?

सनीवेलकर

सगळ्यांचे खूप आभार, सदा तुझा किस्सा मी घरी वाचून दाखवला. फुलटॉस, तुझी भीती बरोबर आहे, मीही स्नेलला एप्रिलभर थांबवला असता. ५ एप्रिलला ओरॅकल पार्कला पहिली घरची मॅच, परत पाड्रेसच, आम्ही जातोय, कॅचरबाई तुम्ही येणार असाल तर थर्ड बेसच्या बाजूला तिकिटं बघतो.

मधुरा_मिलपिटास

पिचिंगला गुरुवारी वेब, शुक्रवारी हॅरिसन आणि शनिवारी हिक्स आहे ना नक्की? मुलाची स्वतःची मॅच शनिवारी सकाळी आहे, तो विचारतोय घरी पोचेपर्यंत पहिली इनिंग चुकणार तर नाही.