बरडातली दोन एकर पवनचक्कीला द्यायची का? घरच्या ग्रुपवरचं बोलणं

भाऊ (गाव): सगळ्यांना राम राम. एक विषय टाकायलोय, नीट वाचून बोला. काल पवनचक्कीवाल्यांचा माणूस घरी येऊन गेला. एका पंख्यासाठी वरच्या बरडातली दोन एकर मागायलेत. २९ वर्षं ११ महिन्यांचा भाडेपट्टा, पैसे एकरकमी, आणि सही सोमवारीच पाहिजे म्हणतोय. बरडात कुसळाशिवाय काही येत नाही हे खरं, पण सातबाऱ्यावर आपली सगळ्यांची नावं आहेत. म्हणून विचारायलो.

आत्या (केज): नको रे बाबा. ते पंखे फिरायला लागल्यापासून ढग येतात अन् तसेच निघून जातात. इकडं सगळ्या बाया हेच म्हणायल्यात.

अप्पा (परळी): अगं, ७२ ला कुठं होती पवनचक्की? त्या साली मी दुष्काळी कामावर खडी फोडली. तू तेव्हा कडेवर होतीस.

बारका (साक्री): आत्या, इकडं साक्रीत आणि तिकडं साताऱ्याच्या पठारावर दुष्काळ पडला तेव्हा लोक हेच म्हणायचे. मी रोज त्या टॉवरवर चढतो म्हणून सांगतो. पातं सरळ उभं राहिलं की त्याचं टोक जमिनीपासून दीडशे-दोनशे मीटरवर जातं. पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर असतात. आपल्याकडं पाऊस कमी, कारण सह्याद्री आडवा आहे. तो वारा घाटावरच पाणी सांडून येतो.

आत्या (केज): ते असू दे. मस्साजोग आमच्यापासून किती लांब आहे? २०२४ च्या डिसेंबरात सरपंचाचा खून झाला. पवनचक्कीवाल्यांकडं मागितलेल्या खंडणीवरूनच सगळं झालं असं आरोपपत्रात आहे. भाऊ एकटा गावात राहतो. मला पंख्याची नाही, त्याच्या आजूबाजूला फिरणाऱ्या माणसांची भीती वाटते.

ताई (पुणे): आत्या, हे तुम्ही बोललात ते बरं झालं. म्हणूनच बोलणी एकट्या भाऊनं घरात बसून करायची नाहीत. ग्रामसभेत, सगळ्यांच्या समोर.

अप्पा (परळी): मी माझं सांगतो. माझी नोकरी कोळशाच्या विजेवर झाली, तुम्ही सगळे त्याच पगारावर शिकलात, त्यामुळं तिला नाव ठेवणार नाही. पण २०१५ च्या जुलैत पाणी नाही म्हणून इथल्या परळीच्या वीज केंद्रातले सगळे संच बंद झाले होते, ते दिवस आठवतात. वाफ करायला पाणी, ती थंड करायला पाणी. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. असल्या मुलखात वीज करायला धरणाचं पाणी कुठून द्यायचं? आणि राख. तुमची काकू सकाळी दारातली तुळस आधी पुसायची, मग पाणी घालायची. पानावर करडा थर बसलेला असायचा. पवनचक्कीला ना पाणी लागतं ना राख पडते. शिवाय आषाढ-श्रावणात आभाळ भरलं की सोलर मंदावतं, आणि बालाघाटावर वारा नेमका तेव्हाच सुटतो. माझं मत, द्यावी.

वहिनी: अप्पा, तुमचं पटतं. पण माझ्या माहेरी भूमकडं वस्तीच्या मावळतीला पंखा आहे. दिवस कलला की पात्याची सावली अंगणातून फिरते. भाकरी थापताना परातीवर एकदा उजेड, एकदा अंधार. आई आता चुलीजवळ गोणपाट बांधते. रात्री वारा असला की सारखा घूं-घूं आवाज. पैसे बांधावरच्या एकाला मिळाले, सावली सगळ्या वस्तीला. विचारायला कोणी आलं नाही, हा तिचा राग आहे.

बारका (साक्री): वहिनी, हे खरंच होतं. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत घरापासून ५०० मीटर लांब ठेवा असं आहे. भाऊ, त्यानं दाखवलेली जागा वस्तीपासून किती लांब आहे?

भाऊ (गाव): चालत पाच मिनिटं.

बारका (साक्री): म्हणजे ४०० मीटर धर. नाही चालणार. बरडाच्या पार उत्तरेच्या टोकाला सरकवायला लाव.

भाऊ (गाव): माझं दुखणं वेगळं आहे. आठवड्यातले काही दिवस मोटरीला रात्रीची लाईट असते. परवा रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन रानात पाण्याची दारं धरायला गेलो. पायात चिखल, समोर शेजारच्या माळावर पंख्यावरचा लाल दिवा उघडझाप करायलेला. वीज तिथं व्हायली आणि मी अंधारात सापाच्या भीतीनं काठी आपटत चाललोय. गावातले लोक पंख्याला शिव्या देतात त्या याच्यासाठी. वाऱ्याशी कोणाचं वैर नाही.

बारका (साक्री): पंख्याची वीज ३३ केव्हीवर उपकेंद्राकडं जाते, तिथून मोठ्या लाईनला. गावच्या डीपीशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरशी, तिचा संबंध येत नाही. हे आमचे लोक गावात जाऊन सांगतच नाहीत.

ताई (पुणे): कोपनहेगनजवळ समुद्रात २००० साली २० पवनचक्क्या उभ्या केल्या. त्यातल्या निम्म्या एका सहकारी संस्थेच्या, साडेआठ हजारांवर सभासद. गावाचा पैसा त्यात असला की तोच पंखा आपला वाटतो.

भाऊ (गाव): म्हणजे कारखान्याच्या शेअरसारखं. आबांनी उसाचं एक टिपरू नसताना शेअर घेतला होता, आणि मरेपर्यंत "आमचा कारखाना" म्हणायचे. इथं तसं कोणी विचारलंच नाही. हे लोक एकरकमी देऊन मोकळे होणार, आणि तीस वर्षांनी माझा नातू नुसता पंख्याकडं बघत बसणार.

अप्पा (परळी): मग एकरकमी घेऊच नको. सोलरसाठी जमीन भाड्यानं घेतात त्या सरकारी सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख वार्षिक भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. तो आकडा समोर ठेवून बोल. नोटरीवर भागवायचं नाही. वर्षाच्या वरचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडं नोंदवावाच लागतो.

ताई (पुणे): मुदत संपल्यावर टॉवर कोण काढणार तेही लिहून घे. ट्रेलर जाताना बांध फुटले तर भरपाई, आणि तारा कोणाकोणाच्या रानातून जाणार त्याचा नकाशा. शेजाऱ्यांशी आपलं बोलणं बंद पडायला नको.

आत्या (केज): आणि सोमवारी सही नाही.

भाऊ (गाव): नाही करत. आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणायली, द्या, पण ट्रेलरचा रस्ता म्हसोबावरून नको, आणि खालच्या वस्तीतल्या लोकांना आधी सांगा, सावली त्यांच्याकडंच पडणार. उद्या सकाळी खाली जाऊन येतो. मसुदा मिळाला की पानांचे फोटो इथं टाकतो.