दोन बोटांची पेरं गेलीत, गिटार वाजेल का? ('ब्लॅक सॅबथ'च्या पहिल्या अल्बमबद्दल)

तिसरंगेट_उद्यमबाग

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा. उद्यमबागेत सहा वर्षं पॉवर प्रेसवर होतो. गेल्या श्रावणात डाव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका डायमध्ये सापडली. नग लवकर निघावेत म्हणून गार्ड काढून ठेवलेला होता. दोन्ही बोटांची शेवटची पेरं गेली. जखम भरली, खरं हवा पावसाळी झाली की अजून ठणकतं.

मी उजव्या हाताने छेडतो, म्हणजे तारा दाबायला नेमका हाच हात. दहावीपासून वाजवतोय. गणपतीत गल्लीच्या मंडळासमोर आम्ही चौघं वाजवायचो. आठ महिने झाले, गिटार खोळीतच आहे. आई ती पलंगाखाली सरकवते, मी परत बाहेर काढतो.

'ब्लॅक सॅबथ' या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी १७ वर्षांचा होता तेव्हा बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याची हीच दोन बोटं प्रेसखाली गेली. तो डावखुरा, म्हणून उजव्या हाताची. त्याचा तिथला शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तो परत जाणारच नव्हता, आईने पाठवलं. ही गोष्ट मी आमच्या घरात कुणाला सांगितलेली नाही.

त्याच हाताने त्याने पहिला अल्बम वाजवला. कसा? बोटांना काय लावलं, तारा कुठल्या घातल्या? मी हात बदलून डावखुरी गिटार धरू का? नुसता धीर नको, माहिती द्या.

अथणीकर

भावा, हात बदलू नकोस. आयोमीच्याही मनात ते आलं होतं, खरं तोवर त्याची काही वर्षं त्याच हातावर गेली होती. तुझीही गेलीत.

त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंगने त्यात भोक पाडलं आणि बोटाला बसेपर्यंत घासत राहिला. शिंप्याच्या अंगुस्तानासारखं टोपण झालं. नुसतं प्लास्टिक तारेवरून सटकतं, म्हणून वर जुन्या जाकिटाचं कातडं चिकटवलं. जाड तारा त्या बोटांना दाबवेनात आणि तेव्हा हलक्या तारांचे संच मिळत नव्हते, म्हणून बँजोच्या तारा घातल्या. तुला आज ८ किंवा ९ चा (आकडा जितका लहान तितकी तार बारीक) संच दुकानात तयार मिळेल. इलेक्ट्रिकवरच सुरू कर.

कातड्याचं माझ्यावर सोड, आमच्या घरी चपला होतात. वेणीचं पातळ कातडं पाठवतो, पत्ता निरोपात दे. खरबरीत बाजू तारेकडे ठेव. आणि गिटार ढिल्या सुरात लाव, पहिल्या अल्बमला त्याने तेच केलंय.

कॅम्पातला_बेस

अथणीकर, शेवटचं तेवढं चुकलं. पहिल्या अल्बमात गिटार नेहमीच्याच सुरात आहे. तीन फ्रेट (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, एक फ्रेट म्हणजे अर्धा सूर) खाली उतरवली ती तिसऱ्या अल्बमला, १९७१ साली. हे सांगायलाच हवं, नाहीतर हा पोरगा तारा ढिल्या करून तो जडपणा शोधत बसेल. जडपणा दुसरीकडून येतो. भरगच्च कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक सूर) धरायला बोटं साथ देईनात, म्हणून दोन-दोन तारांचे साधे, रुंद कॉर्ड, आणि गीझर बटलरचा बेस त्याच चालीवर खाली चिकटून.

१६ ऑक्टोबर १९६९ ला लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात सगळं ध्वनिमुद्रित केलं. रॉजर बेन निर्माता. पोरं रोज रात्री मंचावर जे वाजवायची तेच तिथे वाजवलं, ऑझी ऑस्बोर्न वेगळ्या कप्प्यात उभा राहून त्यांच्या बरोबरीने गात होता. एक गाणं झालं आणि आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारा भाग, गेला. जादा म्हणून आणलेली दुसरी गिटार, गिब्सन एसजी, उचलली आणि पुढचं सगळं तिच्यावर. त्या आवाजामागे अर्धी जगभरची पोरं एसजी घ्यायला धावली! पाऊस आणि घंटा मात्र नंतर जोडलेत.

१३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवारी तो बाहेर आला. समीक्षकांनी झोडपला, तरी इंग्लंडात आठव्या आणि अमेरिकेत तेविसाव्या क्रमांकापर्यंत चढला. हेवी मेटल, म्हणजे जड आवाजाचं रॉक, म्हणून पुढे जे काही झालं त्याची सुरुवात बहुतेक जण इथूनच धरतात, मीही.

५ जुलै २०२५ ला व्हिला पार्क स्टेडियमवर, बर्मिंगहॅममधल्या त्यांच्याच ॲस्टन भागात, बँडमधले मूळचे चौघं शेवटचे एकत्र वाजवले. मी रात्रभर जागून पाहिलं. ७७ वर्षांचा आयोमी, बोटांवर टोपणं. १७ दिवसांनी ऑझी गेला.

शहापूर_पेटीवाली

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तुमचं वाचून पहिलं गाणं तीनदा ऐकलं, पेटी पुढ्यात घेऊन. खालचा सा, वरचा सा, आणि तिथून उतरून तीव्र मध्यम. एवढंच आहे. हाच तीव्र मध्यम यमनात किती गोड लागतो, कारण शेजारी गंधार-पंचम असतात. इथे त्याला कुणीच सोबतीला नाही, म्हणून अंगावर येतो.

बाळा, कुमार गंधर्व आपल्याच जिल्ह्यातले, सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले. ऐन उमेदीत क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं. देवासला पाच-सहा वर्षं गाणं बंद, पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं कानावर पडायची. परत गायला बसले तेव्हा लांब दमाच्या ताना नव्हत्या. छोटे, झटक्यात उठणारे तुकडे घेतले, मध्ये श्वासाला जागा ठेवली. आज शिष्य ते तुकडे धडधाकट फुप्फुसांनी घोटतात.

तू आधी हे तीनच सूर घे. एक पूर्ण विरल्याशिवाय दुसरा छेडू नकोस.

तिसरंगेट_उद्यमबाग

काकू, दादा, सगळ्यांचे आभार. कातडं सोमवारी मिळालं. टोपणं तीन केली, दोन फुटली, तिसरं बसलं. ९ च्या तारा घातल्या, सूर नेहमीचाच ठेवला.

दहाव्या फ्रेटला तर्जनी, बाराव्याला करंगळी. ती दोन्ही शाबूत, त्यामुळे दोन्ही सा लगेच लागले. तीव्र मध्यम अकराव्यावर, तो मधल्या बोटाला येतो. तार किती दाबलीय ते बोटाला कळत नाही, कान लावून बघावं लागतं. पंधरा-वीसदा नुसतं खरखरलं आणि मग एकदा स्वच्छ वाजला. काकूंनी सांगितल्यासारखा पूर्ण विरू दिला. आई दारात उभी होती, काही बोलली नाही.

त्यापुढची थरथर अनामिकेने द्यायची असते, ती अजून येत नाही. त्या बोटाला अजून टोपण नाही. अथणीकर, कातडं आणखी एका जोडीपुरतं पाठवशील का?