ईसीजी शिकतेय, एव्हीआर लीडपाशी गाडी अडलीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नर्सिंगला आहे आणि सध्या ईसीजी वाचायला शिकतेय. कागदाचं गणित जमलंय, म्हणजे स्पीड सेकंदाला 25 मिमी म्हणून छोटा चौकोन 0.04 सेकंद, मोठा 0.2, मग दोन आर (प्रत्येक ठोक्याचं उंच टोक) मधले मोठे चौकोन मोजायचे आणि 300 ला त्याने भागायचं, 4 आले की रेट 75. ठोके अनियमित असतील तर 10 सेकंदांच्या पट्टीतले क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याचा टोकदार भाग) मोजून गुणिले 6. पीआर (पी लाट सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंतचा वेळ) 0.12 ते 0.20 सेकंद वगैरे पण पाठ आहे.

घोळ पुढे आहे. चिकटवतो 10 इलेक्ट्रोड आणि लीड निघतात 12, ते कसं काय? आणि एव्हीआर मध्ये पी (वरच्या कप्प्यांची लाट) खाली, क्यूआरएस खाली, टी (ठोक्यानंतरच्या रिकव्हरीची लाट) पण खाली, तरी रिपोर्ट नॉर्मल! नोट्समध्ये नुसतं "एव्हीआर उलटीच असते" लिहिलंय, का ते कुणीच सांगत नाही. कुणी सोप्या भाषेत सांगेल का प्लीज?

प्रतिसाद:
लीडला वायर समजू नकोस, हृदयाकडे बघायची ती एक बाजू आहे. उजव्या पायाचा इलेक्ट्रोड नुसता अर्थिंगसारखा, हातापायांवरच्या उरलेल्या तिघांच्या जोड्या लावून मशीन 6 लीड काढतं, छातीवरच्या व्ही1 ते व्ही6, झाल्या 12. करंट लीडच्या दिशेने आला की रेघ वर, लांब गेला की खाली. करंट एकूण डावीकडे खाली जातो आणि एव्हीआर बघते उजव्या खांद्यावरून, म्हणजे तिला सगळं पाठमोरंच दिसणार ना. लीड 2 बरोबर त्याच्या वाटेत समोर आहे म्हणून तिथे पी छान वर दिसते आणि रिदमसाठी बहुतेक वेळा तीच पट्टी लांब छापतात.

धागाकर्ती:
अरे वा, हे डोक्यात शिरलं! पण टी तर रिकव्हरीची, मग ती क्यूआरएसच्या उलट नको का यायला?

प्रतिसाद:
चांगला प्रश्न. खालच्या कप्प्यांत करंट आतून बाहेर पसरतो पण रिकव्हरी बाहेरून आत येते. प्रक्रिया उलटी आणि दिशाही उलटी, म्हणून टी साधारण क्यूआरएसच्याच बाजूला. आणि हो, कधी एव्हीआर सरळ आणि लीड 1 पूर्ण उलटी दिसली तर घाबरण्याआधी दोन्ही हातांच्या वायरी अदलाबदल झाल्यात का ते बघ, बऱ्याचदा तेच निघतं.