हेडलाइटचा बल्ब बदलायला तुम्हाला किती खर्च आला? नाशिककरांनो, अनुभव लिहा

रात्री पेठ रोडला समोरून एकच दिवा येताना दिसतो, आपण मोटरसायकल धरून चालतो आणि अगदी जवळ आल्यावर कळतं की ती चारचाकी आहे, ड्रायव्हरच्या बाजूचा दिवा बंद. म्हणजे जो दिसतोय तो कडेचा दिवा, आणि गाडीचा आपल्याकडचा अख्खा भाग अंधारात. हे जिवावर बेतणारं आहे. ओळखीच्या लोकांशी बोलले तेव्हा लक्षात आलं की बरेच जण खर्चाच्या धास्तीने थांबतात. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणत गाडी तशीच पळवतात. म्हणून हा धागा. गाडी कोणती, बल्ब कोणता, बल्बचे पैसे किती आणि मजुरी किती हे वेगवेगळं लिहा. दुकानाचं नाव नको, भाग सांगितला तरी पुरे.

माझ्यापासून सुरू करते. वॅगनआर, एच४ बल्ब, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. अप्पर आणि डिपर दोन्ही याच एका बल्बात. द्वारकेजवळ स्पेअर पार्टच्या दुकानात चांगल्या कंपनीचा बल्ब अडीचशेच्या आत मिळाला, शेजारच्या वायरमनने पन्नास रुपयांत बसवून दिला. आधी एका सर्व्हिस सेंटरला विचारलं होतं. तिथे बल्ब, लेबर आणि लेबरवरचा १८ टक्के जीएसटी धरून आठशेच्या आसपास आकडा सांगितला होता.

सिडको
एच४ असेल तर मजुरीही द्यायची गरज नाही. लाइट बंद करा, बल्ब गार होऊ द्या. मागचा तीन पिनांचा कपलर ओढून काढा, रबरी टोपी काढा, तारेची क्लिप दाबून बाजूला करा, बल्ब हातात येतो. नवीन बल्बाच्या कडेला तीन कान असतात, ते खाचेत एकाच पद्धतीने बसतात. काचेला बोट लावायचं नाही, कारण हॅलोजनची काच प्रचंड तापते आणि बोटाचा तेलकटपणा राहिला तर त्याच जागी ती जास्त तापून बल्ब लवकर जातो. लागलंच बोट, तर स्पिरिटने पुसून घ्या.

नाशिकरोड
सगळ्यांच्या गाडीत हात जात नाही हो. आमच्या सेडानमध्ये एका बाजूला बॅटरी आडवी येते आणि दुसऱ्या बाजूला बंपर सैल केल्याशिवाय हेडलाइट सुटतच नाही. एच७ बल्ब चारशेला, मजुरी मात्र हजाराच्या वर. तेव्हा मी दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदलून घेतले. एक उडाला की त्याच वयाचा दुसराही फार काळ तग धरत नाही, आणि मग ती मजुरी पुन्हा द्यावी लागते. शिवाय जुना बल्ब मंद झालेला असतो, दोन्हीकडचा उजेड वेगळा दिसतो.

गंगापूर रोड
आमच्या गाडीला कंपनीचेच एलईडी हेडलाइट आहेत. एका बाजूचा बंद पडला तर सुटा बल्ब मिळतच नाही, पूर्ण असेंब्लीच, म्हणजे अख्खी हेडलाइट, बदला म्हणाले, तीस हजारांच्या पुढे. आपोआप बंद पडला असेल तर विम्यात बसत नाही, कारण साध्या पॉलिसीत इलेक्ट्रिकल बिघाड वगळलेला असतो. अपघातात फुटला तर क्लेम होतो, पण प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलं असेल तरच वाचतो. आमची वॉरंटी शिल्लक होती म्हणून निभावलं. नवीन गाडी घेणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं, शोरूममध्ये आपणहून कोणी सांगत नाही.

पंचवटी
मी टुरिस्ट गाडी चालवतो. त्र्यंबक, शिर्डी, वणीचा गड आणि मुंबईच्या फेऱ्या. दोन हजारांत पांढऱ्याशुभ्र एलईडी बल्बांची जोडी बसवली होती. शहरात झकास वाटायचं, पण पावसाळ्यात इगतपुरी आणि कसारा घाटात धुकं उतरलं की समोर नुसता पांढरा पडदा. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा उजेड नीट बांधला जात नाही, वर-खाली फेकला जातो, आणि समोरच्याचेही डोळे दिपतात. काढून टाकले, परत पिवळा हॅलोजन लावला. आता एक जादा बल्ब कायम डॅशबोर्डच्या खणात असतो. घाटात रात्री दुकान कुठून आणणार?

पिंपळगाव बसवंत
द्राक्षाच्या सीझनला पिकअप रात्रभर चालतो. बल्ब दोनशे, लावायचे पैसे शून्य, गॅरेजवाला ओळखीचा.

इंदिरानगर
सिडकोवाल्या दादांनी ज्या रबरी टोपीचा उल्लेख केला तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. एका गॅरेजमध्ये बल्ब बदलला आणि ती टोपी नीट न दाबताच गाडी दिली. जुलैच्या पावसात आत पाणी गेलं, काच आतून धुरकट झाली, रिफ्लेक्टरची चमक उडाली. तीनशे रुपयांच्या कामापायी साडेचार हजारांची असेंब्ली घ्यावी लागली. तायांनो, दादांनो, गाडी ताब्यात घेण्याआधी बॉनेट उघडून टोपी सगळीकडून बसली आहे ना, हे स्वतः बघा.

सातपूर, ऑटो इलेक्ट्रिशियन
बल्ब घ्यायच्या आधी फ्यूज बघा. दोन्ही दिवे एकदम गेले तर बहुधा बल्बांचा दोष नसतो; फ्यूज, रिले किंवा स्विच तपासा. एकाच बाजूचा वारंवार जात असेल तर होल्डर आणि अर्थिंग बघा. दोन्हीकडचे सतत उडत असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट ठीक, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटरकडे, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणाऱ्या भागाकडे, बघावं लागतं. अशा वेळी कितीही भारी बल्ब घातला तरी पैसे पाण्यात. आणि १००/९० वॅटचे बल्ब मूळ वायरिंगवर लावू नका. वितळलेले होल्डर आमच्याकडे नेहमी येतात. होल्डर दीडशेचा असतो, पण वायर जळली तर काम वाढतं.

नाशिकरोड
सातपूरकर, बल्ब बदलल्यावर फोकस, म्हणजे उजेडाची दिशा, परत लावावा लागतो का? माझ्याकडे त्याचे वेगळे दोनशे घेतले.

सातपूर, ऑटो इलेक्ट्रिशियन
बल्ब खाचेत बरोबर बसला तर सहसा नाही. पण तुमची पूर्ण हेडलाइट सोडवली होती, तेव्हा बघायलाच हवा. सपाट जागी भिंतीसमोर पंचवीस फुटांवर गाडी लावा, डिपर टाका. दोन्ही उजेडांची वरची कड एका रेषेत आणि हेडलाइटच्या उंचीपेक्षा किंचित खाली हवी. तशी असेल तर काम चोख झालंय. नसेल तर गाडी परत न्या, फोकसचे पैसे दिलेत, तो त्यांनी लावून द्यायलाच हवा.