मदत हवी आहे: मे अखेर बाबांना घेऊन हिमालयातलं तळं, भृगू की बियास कुंड की अजून कुठलं?

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतीच वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकचे. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर होऊन ३ वर्षं झाली, भाऊ दिंडोरीजवळ गावी द्राक्षबाग बघतो, मी मखमलाबादला. तर झालं असं की गावच्या घरी एक कृषी सेवा केंद्राचं कॅलेंडर लटकलेलं असतं, त्याच्या जूनच्या पानावर डोंगरातलं निळंशार तळं आणि मागे बर्फ असा फोटो आहे, खाली ना नाव ना गाव. कदाचित स्वित्झर्लंडचं पण असेल, कोणाला माहीत. पण बाबांनी ते पान वर्ष संपल्यावर फाडून ठेवलंय आणि गेले दोन उन्हाळे "असं तळं चालत जाऊन बघायचंय, गाडीतून उतरून नाही" हेच चालू आहे. आई म्हणते तळंच बघायचं तर अंजनेरीवर आहे की, पावलाच्या आकाराचं, घरचा डबा नेऊन संध्याकाळी परत. तिला घरी कोणी मोजत नाहीये सध्या.

अडचण तारखांची आहे. खरड छाटणी एप्रिलमध्ये होऊन जाते, त्यानंतर विरळणी-बिरळणी करून भाऊ २२ मे नंतर मोकळा होऊ शकतो पण मृग लागायच्या आत त्याला बागेत परत यायचंच आहे. भाचा १२ वर्षांचा, त्याची शाळा १५ जूनच्या आसपास उघडते. म्हणजे २३ मे ते ५ जून हीच खिडकी. सप्टेंबर-ऑक्टोबरला जा असं कृपया सांगू नका, तेव्हा गोडी छाटणी असते आणि द्राक्षवाल्याला तेव्हा हिमालय सोडा त्र्यंबकला पण जाता येत नाही.

अनुभव म्हणाल तर मी आणि भाऊ कळसूबाई, हरिहर, साल्हेर असं केलेलं आहे. बाबा ६३, दर श्रावणात ब्रह्मगिरी चढतात, गुडघे माझ्यापेक्षा बरे, पण बीपीची गोळी ८ वर्षांपासून चालू आहे. बर्फ आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नाही, फ्रिजमधला सोडून.

यूट्यूब बघून बघून भृगू लेक मनात भरलंय. साधारण १४ हजार फूट, मनालीपासून जवळ, ३-४ दिवसांत होतं, सगळे "बिगिनर फ्रेंडली" म्हणतात. पण मागच्या वर्षी एका ग्रुपकडे फोनवर चौकशी केली तर त्यांनी टीशर्टची साइज दोनदा विचारली, वय आणि बीपी एकदाही नाही, तेव्हापासून डोक्यात किडा आहे. तर मला विचारायचंय की मे अखेरीला भृगू खरंच जमेल का, बाबांना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून काय करतात, आणि बूट इथूनच घ्यायचे की तिकडे भाड्याने मिळतात. बजेट फार नाही, पण बाबांच्या बाबतीत काटकसर करायची नाहीये.

प्रतिसाद १

ताई, आधी वाईट बातमी. मे अखेर भृगू निळं नसतं, पांढरं असतं. बऱ्याच वर्षी तळं कुठे संपलं आणि डोंगर कुठे सुरू झाला हे गाईडने काठी दाखवून सांगावं लागतं. कॅलेंडरवर पान जूनचं असलं तरी फोटो नक्की सप्टेंबरचा. 😄

प्रतिसाद २

वरच्या भाऊंशी सहमत. तुम्ही तळं आधी ठरवलं आणि तारखा नंतर बसवताय, तुमच्या केसमध्ये तारखा हलत नाहीत ना, मग तळं हलवा. साधा हिशोब आहे, तळं जेवढं उंच तेवढं उशिरा मोकळं होतं. भृगू १४ हजार फूट, बियास कुंड १२ हजारांच्या आसपास, आणि पराशर लेक ९ हजार फूट म्हणजे २७३० मीटर. मे अखेर यातलं फक्त पराशर तुम्हाला पाणी म्हणून बघायला मिळेल याची मी खात्री देतो, बियास कुंडाला अर्धं पाणी अर्धा बर्फ, वर्षावर अवलंबून.

दुसरा मुद्दा उंचीचा, आणि हा जास्त महत्त्वाचा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर, आख्खं कळसूबाई १६४६. आपल्याला वाटतं आपण चढाला पक्के आहोत, आहोतच, पण तो दमाचा चढ, हवेचा नाही. भृगूच्या तळ्यापाशी हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम ६० टक्के राहतो. ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा झोपायचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. भृगूच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये पहिली रात्र १० हजार फुटांच्या थोडं वर आणि दुसरी रात्र रोला खोली नावाच्या कॅम्पवर १२ हजारांच्या वर, म्हणजे नियम तिथेच मोडला. विशीतली पोरं डोकं धरून का होईना निभावून नेतात. ६३ वर्षांच्या माणसाला पहिल्याच हिमालयात हे कशाला?

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. नाशिकरोडहून पंजाब मेल धरून दिल्ली, तिथून रात्रीच्या मनाली बसने जायचं पण मनालीला नाही, मंडीलाच उतरायचं. मंडीहून पराशरला गाडीरस्ता जातो (साधारण ५० किमी), पण तुमच्या बाबांची चालत जायची अट आहे तर बागी गावातून ७-८ किमीची जंगलातली वाट आहे, देवदार, ओढे, मस्त सावली. वर पराशर ऋषींचं तीन मजली लाकडी देऊळ आणि तळ्यात तरंगणारं बेट. तळ्यात पाय बुडवायचे नाहीत, देवाचं आहे. तिथे मुक्काम करा म्हणजे शरीराला पहिली ९ हजारांची रात्र मिळते. मग मनालीला एक दिवस आराम, आणि तब्येती ठीक असतील तरच बियास कुंड. सोलंगच्या पुढे धुंडीपर्यंत गाडी, तिथून चालत बकरथाचला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून कुंड बघून परत. बाबांना बकरथाचलाच बसून राहावंसं वाटलं तरी वाया काही जात नाही, बर्फ समोरच असतो. आणि तिथून हनुमान टिब्बा दिसतो. अंजनेरीकरांच्या पोराचा डोंगर म्हणून आईंना पण पटवता येईल. 🙏

शनिवार-रविवार मनालीत असू नका. सोलंगच्या रस्त्यावर पोळ्याला बैल असतात तशा गाड्या असतात.

प्रतिसाद ३

मी फिजिशियन आहे, इथे कोणाला औषध लिहून देत नाही, फक्त चार गोष्टी. बीपीची गोळी प्रवासात बंद करू नका, बरेच जण "तिकडे थंडीत लागत नाही" म्हणून बंद करतात. निघायच्या महिनाभर आधी ईसीजी आणि स्वतःच्या डॉक्टरांशी बोलणं. उंचीसाठी अॅसिटाझोलामाइड म्हणजे लोक ज्याला डायमॉक्स म्हणतात ती गोळी उपयोगी आहे, पण सल्फाची अॅलर्जी असेल तर विचारल्याशिवाय नको, आणि डायमॉक्सनेही लघवी वाढते, बीपीच्या काही गोळ्यांमध्ये आधीच लघवी वाढवणारं औषध असतं, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. वर गेल्यावर डोकं दुखतंय आणि सोबत मळमळतंय किंवा जेवण नको वाटतंय यातलं एक जरी असेल तर अजून वर जायचं नाही. चालताना झोक जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं म्हणजे उजाडायची वाट न बघता खाली. १२ वर्षांच्या मुलाला पण हेच लागू. मुलं सांगत नाहीत, नुसती चिडचिडी होतात.

प्रतिसाद ४

बुटांचं मी सांगतो कारण मी चूक केलेली आहे. निघायच्या ४ दिवस आधी नवे भारीतले बूट घेतले, तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचा सोललेल्या, उरलेला ट्रेक मोजे दुमडून केला. आता एप्रिल आहे, आत्ताच घ्या, बोट आत जाईल एवढे सैल, आणि रोज पांडवलेणीच्या पायऱ्या त्याच बुटात. रविवारी अंजनेरी, पाठीवर ५-६ किलो घेऊन. बर्फात बुटांना लावायचे स्पाइक्स आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायाला बांधतात ते) मनालीत भाड्याने मिळतात, ते विकत घेऊ नका. सुती मोजे आणि जीन्स घरी ठेवा, ओले झाले की वाळत नाहीत. गॉगल मात्र प्रत्येकाला हवाच, भाच्याला पण, बर्फावरून ऊन डोळ्यात येतं आणि रात्री वाळू गेल्यासारखे डोळे जळतात. बर्फावर पहाटे चालायचं कारण तेव्हा तो टणक असतो, दुपारी गुडघ्यापर्यंत पाय जातो. ओढ्यावर बर्फाचा पूल दिसला तर गाईड गेल्याशिवाय त्यावर पाय ठेवायचा नाही, खालून पाणी तो खात असतं.

आणि पंजाब मेलचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे मे अखेरचं उघडून झालं. हा धागा बंद करून आधी ते करा!

धागा काढणारी

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

तिकिटं काढली, दोन कन्फर्म, दोन वेटिंग ११ आणि १२, बघू. भृगू कॅन्सल. बाबांना प्रतिसाद वाचून दाखवले, पहिला ऐकून थोडा वेळ गप्प होते, मग आतून ते पान आणलं आणि चष्मा लावून कोपऱ्यातली झाडं बघून म्हणाले, हो गं, पिवळी पडायला लागलीयेत, सप्टेंबरच आहे. मग स्वतःच म्हणाले पराशरला जाऊ, पाणी तर दिसेल. बियास कुंडाचं तिकडे जाऊन ठरवायचं, आणि ते बकरथाचला थांबले तर मी त्यांच्याबरोबर थांबणार, भाऊ आणि भाचा पुढे जातील. यावर भाचा लगेच म्हणाला आत्या तू नको, आजोबांसोबत बाबा थांबतील. भाऊ काही बोलला नाही पण चेहरा बघण्यासारखा होता.

डॉक्टरांची अपॉइंटमेंट गुरुवारची मिळालीय. बाबा काल नवे बूट घालून भाजी आणायला गेले होते, आई म्हणे अख्ख्या बाजारात टकटक ऐकू येत होती.

आता एकच शंका राहिली. भाच्याच्या मापाचे थर्मल आणि वॉटरप्रूफ हातमोजे नाशकात आत्ता कुठे मिळतील? ४० डिग्रीत मेन रोडला हातमोजे मागितले तर दुकानदाराने मला पाणी प्यायला दिलं. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटला उन्हाळ्यात लहान मुलांचा माल असतो का, की मनालीतच घ्यावं?